गावाच्या पाच हद्दी: वाडीतलं घर, रस्ता आणि पाणी कुणाच्या दारात न्यायचं

प्रश्न थोडक्यात असा: कात्रजला राहणाऱ्या एका वाचकाचं मूळ गाव वेल्ह्याकडे, गुंजवणीच्या खोऱ्यात आहे. दोन गावं आणि चार वाड्या मिळून एकच ग्रामपंचायत. वडील वारले, वाडीतलं घर त्यांच्या नावावर. वाडीला जाणारी वाट शेजाऱ्याने काटे लावून अडवली आहे. मार्च संपला की नळाला पाणी नाही. ग्रामसेवक म्हणतात तलाठ्याकडे जा, तलाठी म्हणतात पंचायतीकडे जा. कुठून सुरुवात करायची?

सुरुवात नकाशापासून करा. अर्ज नंतर. तुम्हाला दोन्ही कार्यालयांनी परत पाठवलं, त्यात दरवेळी टाळाटाळच असते असं नाही. एकाच डोंगरउतारावर पाच वेगवेगळ्या हद्दी एकावर एक पडलेल्या असतात, आणि प्रत्येक हद्दीचा मालक वेगळा असतो. तुमचं घर, ती वाट आणि तो झरा यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या हद्दीत आहे हे कळलं की कार्यालय आपोआप ठरतं.

पहिली हद्द महसुली गावाची, म्हणजे शिव. जुन्या मोजणीत सगळी शेतजमीन सर्वे नंबरांत, पुढे बऱ्याच ठिकाणी गट नंबरांत, बांधली गेली. सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) हे सगळं या गावाच्या नावाने चालतं आणि ते तलाठ्याच्या सज्जात असतं. तलाठ्याचं पदनाम २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी झालंय, ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं एकत्र करून ग्रामपंचायत अधिकारी झालंय. लोक जुनीच नावं वापरतात, मीही इथे वापरतो. पण अर्जावर नवं पदनाम घाला. आणि वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड आहे, तेही अर्जात नीट लिहा.

दुसरी हद्द गावठाणाची. गाव नकाशावर मधोमध घरांचा जो पुंजका दिसतो तो गावठाण. त्याला सातबारा नसतो. तिसरी ग्रामपंचायतीची: ती एका महसुली गावाची असू शकते किंवा तुमच्यासारखी गट ग्रामपंचायत. चौथी वनहद्द, दगडी बुरुजांनी दाखवलेली. पाचवी नियोजनाची. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, ३१ मार्च २०१५ ला स्थापन झालं. त्यात हवेली, मुळशी, मावळ हे तालुके पूर्ण आहेत, तर भोर, वेल्हे, पुरंदर, दौंड, शिरूर, खेड यांचा काही भाग. म्हणजे तुमच्या तालुक्यात एका गावाला पीएमआरडीए लागू आणि दुसऱ्याला नाही, असं होऊ शकतं. गावाचं नाव त्यांच्या यादीत बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

आता घर. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

तुमचं घर वाडीत आहे, म्हणजे बहुतेक मूळ गावठाणात नाही. डोंगरी भागात गावठाण खाली ओढ्याकाठी आणि वाड्या वर शेतजमिनीच्या गटांत, अशीच वस्ती असते. अशा घराला दोन कागद असतात. जमिनीचा सातबारा तलाठ्याकडे आणि बांधलेल्या घराचा नमुना ८ चा उतारा ग्रामपंचायतीकडे. तुम्हाला दोघांनी एकमेकांकडे पाठवलं, कारण दोघांकडेही अर्धं अर्धं काम आहे.

नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. घर किती फुटी, भिंत कसली, छप्पर कसलं, कर किती, हे सांगण्यासाठी ती ठेवली जाते. तो मालकीचा पुरावा नाही, हे मनात पक्कं धरा. त्यात मालकाचा आणि भोगवटादाराचा, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचा, असे वेगळे रकाने असतात. चुलत्याचं नाव भोगवटादारात आलं म्हणून घर त्याचं झालं असं नाही आणि तुमचं नाव मालकाच्या रकान्यात आलं म्हणून खालची जमीन तुमची झाली असंही नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी जमिनीची वारस नोंद. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं-पत्ते-नाती, आठ-अ चा उतारा आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या, किंवा ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्या करा. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत दिलेला बरा. तलाठी फेरफार धरतात, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर ती विवादग्रस्त म्हणून सुनावणीला लागते. नोंद मंजूर वा नामंजूर झाल्यावर पटली नाही तर ६० दिवसांत प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, अपील.

बहिणींची नावं वगळू नका. गावात अजूनही 'बहिणींना विचारून ठेवलंय, त्यांचं काही म्हणणं नाही' असं सांगून फक्त भावांची नावं लावतात. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. वगळलेलं नाव पुढे विक्री, कर्ज किंवा वाटपाच्या वेळी सगळं अडवतं, आणि बहिणीवर तो अन्याय होतो तो वेगळाच. तिला खरंच हिस्सा सोडायचा असेल तर आधी तिचं नाव लावा, मग दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र करा. साध्या कागदावरची सही इथे चालत नाही.

वारस फेरफार झाला की त्याची प्रत, मृत्यूचा दाखला आणि घरपट्टी भरल्याची चालू पावती जोडून ग्रामपंचायतीत नमुना ८ वर नाव लावण्याचा अर्ज द्या. हा विषय मासिक सभेपुढे जातो, ठराव होतो, मग नोंद बदलते. अर्जाची पोच घ्या आणि पोचेवर आवक क्रमांक टाकून घ्या. आवक क्रमांक नसलेला अर्ज सभेपुढे कधी येतच नाही. थकबाकी असली की काम तिथेच अडतं, म्हणून मागणी किती आहे ते आधी नमुना ९, म्हणजे कर मागणीच्या नोंदवहीवरून काढा.

मृत्यूच्या दाखल्याचीही एक हद्द आहे. नोंद घटना जिथे घडली तिथे होते. वडील पुण्यातल्या दवाखान्यात वारले असतील तर दाखला पुणे महापालिकेकडून मिळेल, गावच्या पंचायतीकडून नाही, मग अंत्यविधी गावात झालेला असला तरी. गावी घरी वारले असतील तर ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत नोंद करायची. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, त्यानंतर वरिष्ठांचा लेखी आदेश. वर्ष उलटलं की कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

समजा घर खाली मूळ गावठाणात निघालं. तर सातबारा शोधत बसू नका, तो नसतोच. गावठाणाची मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) असेल. ड्रोनने गावठाण मोजण्याचं काम आपल्याच जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत प्रायोगिक पातळीवर सुरू झालं आणि पुढे स्वामित्व योजना म्हणून देशभर गेलं. मोजणीआधी प्रत्येकाने आपल्या घराच्या हद्दी चुन्याने आखायच्या असतात. जे मुंबई-पुण्यात असतात त्यांचं घर बंद असतं, चुना शेजारी आखतो आणि बोळ त्याच्या बाजूला जातो. नंतर चौकशीची नोटीस निघते तेव्हा हरकत घेता येते. ती संधी गेली की अपिलांच्या मागे लागावं लागतं. तुमच्या गावठाणाची मोजणी व्हायची असेल तर त्या दिवशी घरातलं कुणीतरी तिथे हवंच.

घर पाडून नवं बांधायचं असेल तर एक वेगळी गोष्ट. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. गाव पीएमआरडीएत असेल तर परवानगी त्यांची. नसेल तर आधी तहसील आणि नगररचनेच्या कार्यालयात विचारा. महसूल संहितेच्या कलम ४२-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन निवासी वापरासाठी बिगरशेती करणं सोपं झालं होतं: रूपांतरण कर आणि आकारणी भरायची, वेगळी परवानगी मागावी लागत नव्हती. आजचा नियम तहसीलमध्ये विचारून घ्या. पण हे २०० मीटर गावठाणाच्या हद्दीपासून धरतात, वाडीपासून नाही. वाडी गावठाण म्हणून घोषित झालेली नसेल तर तिच्याभोवती अशी सवलत उभी राहत नाही, आणि 'वाडीला लागूनच आहे' म्हणून प्लॉट विकणाऱ्यांचं बोलणं इथेच खोटं पडतं.

वाटेकडे येऊ.

भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत काढा. त्यावर एकेरी तुटक रेष म्हणजे पायवाट, दुहेरी तुटक रेष म्हणजे गाडीवाट. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरतात, गाडीवाटेची साडेसोळा ते एकवीस. हे आकडे आले ते मोजणीच्या साखळीतून. साखळी ३३ फुटांची, तिचा पाव म्हणजे सव्वाआठ, अर्ध म्हणजे साडेसोळा. एक गुंठाही त्याच साखळीचा चौरस: ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट.

पुढचं पाऊल नकाशावर काय दिसतं त्यावर अवलंबून आहे. वाट नकाशावर असेल किंवा नसली तरी वर्षानुवर्षं वापरात असेल आणि आता अडवली असेल, तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करा. अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत सगळ्यात जास्त चुकते. लोक सहा महिने गावकीच्या बैठकीत घालवतात, तंटामुक्ती समितीत बसतात, देवळात शपथा होतात, आणि तोवर दावा मुदतबाह्य होतो. बैठका खुशाल घ्या, पण काटे पडल्याची तारीख आजच लिहून ठेवा. त्या दिवसाचे फोटो, ये-जा करणाऱ्या दोघातिघांचे जबाब आणि दूधवाल्याच्या किंवा शाळेच्या पोरांच्या वापराचा पुरावा जमवून ठेवा.

वाट कधी नव्हतीच आणि शेतात जायला नवी हवी असेल, तर तो वेगळा अर्ज: महसूल संहिता कलम १४३, बांधावरून रस्ता. तहसीलदार स्थळपाहणी करून, दुसऱ्याचं कमीत कमी नुकसान होईल असा बांधाचा रस्ता देतात. या दोन कलमांची गल्लत झाली की अर्ज फेटाळला जातो. 'रस्ता अडवला' असं लिहून १४३ खाली मागणी केली, किंवा नवा रस्ता मागताना कलम ५ लिहिलं, तर समोरच्याचा वकील पहिल्याच तारखेला तेवढ्यावर बोट ठेवतो.

सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीतून वगळलेलं क्षेत्र, बघायला विसरू नका. वर्ग 'अ' म्हणजे खडकाळ, लागवडीला नालायक म्हणून सोडलेली जमीन. वर्ग 'ब' म्हणजे रस्ता, ओढा, पाट, स्मशान अशा सार्वजनिक वापरासाठी सोडलेली. शेजाऱ्याच्या गटात पोटखराबा 'ब' दाखवलेला असेल आणि तो तुमच्या वाटेशी जुळत असेल, तर तुमची बाजू बळकट होते.

आणि ग्रामपंचायतीचं काम इथे काय? वाट पंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना २३ ला आहे का, ते बघा. नसेल तर तिच्यावर पंचायतीचा एक रुपयाही खर्च करणं अवघड. गटातून जाणाऱ्या वाटेची नोंद करायची तर त्या खातेदारांची लेखी संमती हवी. डांबरी रस्त्यापासून वाडीपर्यंतचा तुकडा कुणाचा तेही विचारा, कारण ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. खड्ड्याची तक्रार सरपंचांकडे करून काही होत नाही, त्याचं बऱ्याचदा हेच कारण असतं. वाट मध्येच वनहद्दीतून जात असेल तर वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथे मुरूमही टाकता येत नाही.

पाणी हा या सगळ्यातला सर्वात मोठा विषय आहे, आणि तो समजायला भूगोलच लागतो.

सिंहगडापासून तोरण्याकडे गेलेल्या रांगेच्या उत्तरेचं पाणी आंबी आणि मोसे नद्यांतून पानशेत-वरसगाव धरणांत आणि पुढे मुठेला जातं. दक्षिणेचं पाणी कानंदी आणि गुंजवणीतून नीरेला. पश्चिमेला केळद, मढे घाटाकडे पाऊस कोसळतो आणि पूर्वेला नसरापूरकडे येईपर्यंत तो झपाट्याने कमी होतो. तरीही कोसळणाऱ्या पट्ट्यातल्या वाड्याच उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरतात. कारण खाली बेसॉल्ट आहे. काळा कठीण पाषाण पाणी धरत नाही. त्याच्या मधल्या मांजऱ्या, म्हणजे सच्छिद्र, खडकाच्या आणि कुजलेल्या मुरमाच्या थरात पाणी साठतं, आणि दोन थरांमध्ये तांबडी गेरूची पट्टी आली की पाणी तिच्यावरून आडवं सरकत डोंगराच्या कुशीत झरा होऊन फुटतं. उतार तीव्र, माती पातळ, साठवण थोडी. म्हणून जुलैत धो धो वाहणारा झरा मार्चमध्ये बोटभर होतो.

वाडीत बोअर घ्यायचा आग्रह धरण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून जागेचं सर्वेक्षण करून घ्या. डोंगरमाथ्याजवळच्या वाडीत खोल बोअर बहुतेक कठीण पाषाणातच जातो. झरा बंदिस्त करून उताराने पाणी आणणं हे अशा वाडीला जास्त टिकणारं काम आहे असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला वीजबिल नाही, आणि गावच्या योजना बऱ्याचदा वीजबिलाच्या थकबाकीनेच बंद पडतात.

झरा पुरेल का, हे वाडीतल्या माणसांनाच मोजता येतं. १५ लिटरची बादली, मोबाइलचं घड्याळ. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. वाडीत १२० माणसं धरली तर रोज ६,६०० लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे साडेचार लिटर. बादली सव्वातीन मिनिटांच्या आत भरली पाहिजे. रात्रीचं पाणी साठवायला टाकी हवी हे त्यातच आलं. मोजणी मेच्या मध्यावर करा. बऱ्याच योजनांचे अंदाज पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाहणी करून होतात. तेव्हा प्रत्येक झरा पुरेसाच दिसतो. तीन उन्हाळ्यांचे आकडे तुमच्या वहीत असतील तर अभियंत्याशी बोलताना त्या वहीला मोल येतं.

पाइपाचं एक साधं गणित आहे. दर १० मीटर उंचीला एक किलोचा दाब. झरा वाडीच्या ८० मीटर वर असेल तर खालची तोटी बंद केल्यावर पाइपात आठ किलोचा दाब येतो. सहा किलो दाबाचा एचडीपीई पाइप तिथे जोडावर सुटतो किंवा फाटतो. लोक म्हणतात पाइप निकृष्ट होता. कधी तो असतोही, पण बऱ्याचदा मध्ये दाब तोडणारी छोटी टाकी बांधायची राहिलेली असते. ती साधारण निम्म्या उंचीवर घालावी. पाइप चढ-उताराने गेला असेल तर प्रत्येक उंचवट्यावर हवा सोडायची सोय लागते, नाहीतर पाणी असूनही तोटी कोरडी राहते.

शुद्धीकरण जलसुरक्षकाच्या (पंचायतीने पाण्यासाठी नेमलेल्या माणसाच्या) भरवशावर सोडून मोकळं होऊ नका. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं प्रमाण १,००० लिटरला ५ ग्रॅम, पावडरमध्ये ३३ टक्के क्लोरीन धरून. १०,००० लिटरच्या टाकीला ५० ग्रॅम. विहीर असेल तर व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ७८५, मापं मीटरमध्ये, उत्तर लिटरमध्ये. चार मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी असेल तर ३७,६८० लिटर, म्हणजे सुमारे १९० ग्रॅम. पावडर बादलीत कालवून निवळी टाकायची आणि अर्धा तास थांबून मगच पाणी सोडायचं. शेवटच्या तोटीला ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघण्याची चाचणी) पिवळा रंग आला पाहिजे. रंग येत नसेल तर पोतं बघा: उघडं, ओल लागलेलं पोतं काही आठवड्यांत निकामी होतं, आणि मग हिशेबाने टाकूनही उपयोग नाही. आरोग्य विभाग पाण्याच्या स्रोतांची वर्षातून दोनदा पाहणी करून हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतो. तुमच्या पंचायतीचं कोणतं आहे ते विचारा.

या उन्हाळ्यापुरता टँकर हवा असेल तर टंचाई आराखडा तीन टप्प्यांत होतो: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. वाडीचं नाव त्यात आधीच आलेलं असलं तर काम लवकर होतं. ग्रामपंचायतीचा मागणीचा ठराव, मग गटविकास अधिकारी आणि तहसीलदार यांची संयुक्त पाहणी, मग मंजुरी. पाहणीत जवळ पाणी असलेली खाजगी विहीर सापडली तर आधी तिचं अधिग्रहण होतं, टँकर नंतर. टंचाईत माणशी २० लिटरच धरतात. ठरावात 'गावास टँकर मिळावा' एवढंच लिहिलं तर खालच्या गावठाणातल्या हातपंपाला पाणी आहे म्हणून प्रस्ताव परत येतो. वाडीचं नाव, कुटुंबं, लोकसंख्या, स्रोत कोणत्या तारखेला आटला आणि पुढचा स्रोत किती अंतरावर आहे, हे सगळं ठरावातच हवं.

पैशाचं थोडं समजून घ्या, म्हणजे ग्रामसभेत नेमकं बोलता येईल. ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणीपट्टी. बाकी मोठा आधार वित्त आयोगाचा. २०२५-२६ पर्यंतच्या पंधराव्या आयोगाच्या रचनेत राज्यात ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला होता. त्यातला ६० टक्के निधी बंधित होता, म्हणजे निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठीच. त्या हिशेबाने पंचायतीला ५ लाख आले तर ३ लाख बंधित, आणि त्यातले दीड लाख फक्त पाण्याला. त्यामुळे 'पाण्याला पैसे नाहीत' असं कुणी म्हणालं तर बंधित निधी कुठे गेला ते विचारा. आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर ग्रामपंचायतवार कुणालाही बघता येतो.

पण एक अडचण खरी आहे आणि ती सरपंचांची चूक नाही. त्या आयोगाचं वाटप ९० टक्के लोकसंख्येवर आणि १० टक्के क्षेत्रावर होतं. तुमच्यासारखी पंचायत क्षेत्राने मोठी, माणसांनी लहान. हडपसरच्या बाजूच्या किंवा चाकणजवळच्या पंचायतीत एका किलोमीटर पाइपावर शेकडो घरं जोडली जातात. तुमच्याकडे तेवढ्याच पाइपावर बारा घरं. सदस्यसंख्याही लोकसंख्येवरच ठरते: १,५०० पर्यंत ७, पुढे ३,००० पर्यंत ९, आणि वाढत ७,५०० च्या वर १७. चार वाड्या मिळून एखादा सदस्य, तोही बहुतेक मोठ्या वाडीचा. डोंगरी पंचायतींवर हा अन्याय आहे, आणि तो मासिक सभेत भांडून सुटणारा नाही. म्हणून वाडीच्या कामासाठी जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे आणि जिल्हा नियोजनाच्या निधीकडे वेगळा प्रस्ताव लावावा लागतो. त्यालाही ग्रामसभेचा ठराव जोडावाच लागतो.

ग्रामसभेत तुमचं नाव चालेल का, हे आधी तपासा. ग्रामसभा म्हणजे त्या पंचायतीच्या मतदारयादीतली माणसं. तुमचं नाव कात्रजच्या यादीत असेल तर तुम्ही गावचे खातेदार आहात, करदाते आहात, पण ग्रामसभेचे सदस्य नाही. मग वाडीत राहणाऱ्या भावाने किंवा वहिनींनी विषय मांडायचा. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान उपस्थिती, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती संख्या. ती भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. वाडीतली माणसं बऱ्याचदा पहिल्या दिवशी येऊन परत जातात आणि तहकूब सभेला गावठाणातली वीस माणसं ठराव करून टाकतात. तहकूब सभेची तारीख त्याच दिवशी विचारून घ्या.

विषय सभेआधी लेखी द्या, नोटीस निघण्याच्या आधी, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येतो. 'आयत्या वेळचे विषय' मध्ये पैशाचा ठराव धरला जात नाही. सभा संपताना प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, वाचून दाखवायला सांगा आणि सूचक-अनुमोदकाची नावं त्यात आली का ते बघा. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र ग्रामसभा होते. पाण्याचा विषय तिथून ठराव होऊन आला तर तो मागे टाकणं कठीण जातं, आणि पाणी आणणाऱ्याही त्याच असतात. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. झऱ्याचं काम हवं असेल तर मेमध्ये मोजलेले आकडे, वाडीची कुटुंबसंख्या आणि झऱ्याची जागा कुणाच्या गटात किंवा वनहद्दीत आहे ते, एवढं ऑक्टोबरपर्यंत कागदावर तयार ठेवा. झरा वनहद्दीत असेल तर वनविभागाचा पत्रव्यवहार त्याआधी सुरू करा, त्याला वेळ लागतो.

शेवटी, वाडी उतारावर आहे म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी दरडीखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. घराच्या वरच्या अंगाला यंत्राने सपाटीकरण झालंय का, ओढ्याची नैसर्गिक वाट बुजवलीय का, हे जूनच्या आधी चालून बघा. पावसात जमिनीला नवी भेग पडली, झाडं किंवा विजेचे खांब कलले, नेहमीच्या झऱ्याला एकदम गढूळ पाणी आलं किंवा नको तिथे नवा झरा फुटला, तर त्याच घटकेला पोलीस पाटलांना कळवा. तहसीलच्या आपत्ती कक्षाशी गावाचा पहिला दुवा तेच आहेत. त्यांचा आणि तहसीलच्या कक्षाचा नंबर वाडीतल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा, कारण अशा पावसात वीज जाते आणि मोबाइल बंद पडलेले असतात. एकाचा जरी चालू असला तरी नंबर समोर हवा.